उत्तर नको असलेला प्रश्न

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. फोन न करता मुद्दाम पत्र लिहिते आहे. एक तर तुमचं ठरलेलं वाक्य मला पाठ आहे, की फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. शिवाय हे काम फोनवर उरकण्यासारखं नाही.

माझ्या अध्यापन पदविकेच्या भाषेच्या पेपरासाठी एक प्रकल्प द्यायचा आहे. गेल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात एका कंपनीचे मोठे साहेब भाषणाला आले होते. ही कंपनी तरुणांना परदेशात नोकऱ्या मिळवून देते. विषय होता 'जागतिकीकरण आणि आजचा तरुण'. आमच्या बाई म्हणाल्या, हेच भाषण घ्या आणि वक्त्यानं श्रोत्यांना कह्यात घेण्यासाठी भाषेच्या कोणत्या युक्त्या वापरल्या ते शोधा. मी भाषण फोनवर ध्वनिमुद्रित केलं होतं. ते उतरवून सोबत पाठवते आहे. तुम्ही वाणिज्य शाखेचे खरे, पण इतकी वर्षं विमा कंपनीत बसून अपघातांचे जबाब तपासता. वाक्यात पाणी कुठं मुरतंय, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?

साहेब बोलतात मात्र विलक्षण. दर थोड्या वेळानं विचारायचे, "तुम्हाला कोण अडवतंय?" आणि गप्प राहायचे. सभागृह असं चिडीचूप, की पंख्याची कुरकुर ऐकू यावी.

घरी मात्र या प्रश्नाची पार शोभा झाली. थांबे नेमके कुठं येतात ते कळावं म्हणून मी भुंग्याला भाषण मोठ्यानं वाचायला लावलं. वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करण्याचा कोर्स संपल्यापासून स्वारी घरीच आहे. दिवसभर तोंडानं गुणगुण चालू. आई भाजी निवडत होती. भुंग्यानं हात उंचावून विचारलं, "तुम्हाला कोण अडवतंय?"

आई म्हणाली, "मला? तू. दारात उभा आहेस. बाजूला हो, पाणी आणायचंय."

"अगं आई, हा प्रश्न उत्तरासाठी नसतो!"

"मग विचारतोस कशाला?"

तुम्हाला तुमची बहीण ठाऊक आहेच. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसून बसून तिला सवय लागली आहे. नाव, वय, काय होतंय, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. परवा टीव्हीवरच्या जाहिरातीतली बाई म्हणाली, "तुमचेही गुडघे दुखतात?" आईनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "डावा."

प्रकल्प महिनाअखेरीस द्यायचा आहे. सवड काढाल ना?

तुमची भाची, सतत वाद घालते म्हणून तुम्हीच नाव ठेवलेली,
वकीलीण

*

११ जानेवारी

चि. वकीलीणबाई हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व भाषणाची प्रत पोहोचली. प्रत दोनदा वाचली. एकदा श्रोता होऊन आणि एकदा तपासनीस होऊन. दोघांची मते जुळत नाहीत, हेच या भाषणाचे पहिले वैशिष्ट्य समज.

वक्ता बहुतेक सर्व गोष्टी तीन तुकड्यांत सांगतो. "समुद्र ओलांडला जातो, भाषा शिकवली जाते, काळजी घेतली जाते." तिसरा तुकडा पडला की कानाला काम पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि चौथ्याची चौकशी करण्याचे त्याला सुचत नाही. येथे चौकशी करण्याजोगी गोष्ट अशी, की ओलांडून देणार कोण, शिकवणार कोण आणि काळजी घेणार कोण, हे कोठेही सांगितलेले नाही. आमच्याकडे ट्रकचालक जबाबात लिहितो, 'ब्रेक दाबला गेला नाही'. त्या वाक्यात गाडी आहे, रस्ता आहे, झाडही आहे. चालक तेवढा नाही.

दुसरी युक्ती विरोधाची. "जग लहान झाले, लहान राहिलात ते तुम्हीच." अर्थ फारसा नाही, पण टाळी हमखास. सुरुवातीला तो 'आपण' म्हणतो. दोष द्यायची वेळ आली की 'तुम्ही' म्हणतो. हा बदल प्रकल्पात अवश्य दाखव.

तिसरी युक्ती तुझ्या त्या प्रश्नाची. या प्रश्नाला उत्तर नको असते. नंतरची शांतता हवी असते. त्या शांततेत ऐकणारा स्वतःवरच आरोप ठेवतो आणि स्वतःच तो कबूल करतो. सभेत कोणी उठून खरोखर उत्तर दिले, तर वक्त्याची पंचाईत होईल. पण कोणी देत नाही. ताईला सभांना नेत नाहीत, हे वक्त्यांचे भाग्य.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सबंध भाषणात एकही खोटे विधान नाही. एकही आश्वासन नाही. दावा तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागाच ठेवलेली नाही. रचना म्हणून मी यास उत्तम म्हणेन.

भुंग्याकडून आणखी वाचून घे. कानाने ऐकल्याशिवाय हे कळायचे नाही. प्रत्येक प्रश्नानंतर त्याने मनात सावकाश चार आकडे मोजावेत आणि पट्टी खालची ठेवावी. आवाज गळ्यातून नको, पोटातून यावा. त्याचा आवाज चांगला आहे. आजवर गुणगुणण्याखेरीज त्याला काही कामच मिळालेले नाही.

मामा

*

२ फेब्रुवारी

ती. मामा,

प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त गुण! बाईंनी 'ब्रेक दाबला गेला नाही' हे उदाहरण फळ्यावर लिहिलं. त्याचं श्रेय तुमचं.

पण खरी बातमी पुढेच आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भुंग्यानं भाषण वाचलं. एकदा नव्हे, रोज. चार आकडे मोजून, पोटातून. आधी माझ्यासाठी वाचायचा, नंतर आरशासमोर, मग कागद न घेताच. बाईंनी प्रकल्प सर्वांपुढे सादर करायला सांगितला, तेव्हा नमुना म्हणून मी त्यालाच उभं केलं. मामा, सगळ्यांच्या अंगावर काटा आला. कंपनीचे एक अधिकारी त्या दिवशी महाविद्यालयाच्या कचेरीत आले होते. ते दारात उभे राहून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी भुंग्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला कोण अडवतंय?"

भुंग्यानं सही केली आहे. परदेशात वातानुकूलनाचं काम, राहणं कंपनीकडं. बारा तारखेला निघतो आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, या वाक्यांची आतडी-कातडी आपण दोघांनीच बाहेर काढली ना? तिथं कर्ताच नाही म्हणून हसत होतास ना?" तो म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही गाण्याचं व्याकरण केलंत. मी गाणं पाठ केलं."

आई तयारी करते आहे. तिनं त्या अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, "त्याच्या वरचा साहेब कोण? नाव काय?" ते हसले. आई अजून उत्तराची वाट बघते आहे.

मला आनंद झाला आहे. झालाच पाहिजे, नाही का?

तुमची,
वकीलीण

*

८ फेब्रुवारी

चि. वकीलीणबाईस आशीर्वाद.

भुंग्याचे अभिनंदन. तरुण माणसाने जग पाहावे, या मताचा मी आहे.

आता केवळ धंद्याची खोड म्हणून काही विचारतो, मनावर घेऊ नये. करारावर सही कोणाची आहे? पारपत्र कोणाजवळ राहणार? परतीचे तिकीट काढले आहे काय? कामाच्या जागेचा पत्ता आहे, की फक्त शहराचे नाव? निघण्यापूर्वी एवढी उत्तरे त्याने लेखी घ्यावीत. मिळाली नाहीत तर निघू नये.

मी त्या भाषणाला 'उत्तम' म्हटले होते, ते रचनेपुरते. हे त्याला वाचून दाखव.

मामा

*

२४ मार्च

ती. मामा,

तुमचं आठ तारखेचं पत्र भुंगा गेल्यावर पोहोचलं. मी ते आईला दाखवलं नाही. तुम्हालाही लगेच लिहिलं नाही, कारण लिहायचं काय, तेच ठरत नव्हतं.

तो पोहोचल्याचा निरोप आला. मग दर रविवारी त्याच्या आवाजातला ध्वनिमुद्रित निरोप येऊ लागला. आपण फोन लावला तर लागत नाही. आई निरोप ऐकते, डोळे पुसते, पुन्हा लावायला सांगते. मीही खूश होते. मग कालच्या रविवारचा निरोप मी सवयीनं कागदावर उतरवला. कागदावर तो वेगळाच दिसला. तसाच्या तसा लिहिते:

"आई, इथं खोली आहे, काम आहे, मान आहे. सकाळी उठवलं जातं, दिवसभर शिकवलं जातं, रात्री विचारपूस केली जाते. तिकडं मी घर ओळखत होतो, इथं मला जग ओळखतं. माझी काळजी करू नका, वाट पाहू नका, शोध घेऊ नका."

मामा, शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. नोकरीला गेलेला मुलगा आईला 'शोध घेऊ नका' असं कशाला म्हणेल?

आणि हा भुंगा नव्हे. भुंगा असं बोलायचा: "आई, इथली भाजी म्हणजे गवत गं, आणि शेजारचा घोरतो, अगं थांब ना, सांगतोय ना!" त्याचं एक वाक्य कधी धड संपलं नाही. आता सगळी संपतात. या निरोपांत तो एकदाही गुणगुणत नाही.

मी उगीच घाबरते आहे, असं तुम्ही लिहा. तुम्ही लिहिलंत तर मी विश्वास ठेवीन.

वकीलीण

*

२९ मार्च

चि. वकीलीणबाई,

तू उगीच घाबरत आहेस, असे मला लिहिता येत नाही.

अपघातानंतर साक्षीदार जबाब देतात तेव्हा ते अडखळतात, मागे जातात, नको तो तपशील सांगतात. एखादा 'समोरून म्हैस आली' असे म्हणतो आणि मग म्हशीचेच वर्णन करीत बसतो. तसा जबाब मी खरा धरतो. जो जबाब घडीच्या कपड्यासारखा येतो, तो दुसऱ्याने इस्त्री केलेला असतो. भुंग्याचा निरोप मी पुन्हापुन्हा वाचला. त्याला इस्त्री आहे.

आता एक कर. बरा आहेस ना, जेवलास ना, असे काही विचारू नकोस. त्याची उत्तरे तयार असतील. ज्याचे उत्तर त्यांच्या कागदावर असूच शकत नाही, असा एखादा क्षुल्लक घरगुती प्रश्न विचार. तो उत्तर देतो की नाही आणि कसे देतो, यावरून त्याच्याजवळ कोण बसले आहे ते कळेल.

ताईला इतक्यात सांगू नये. फोनवर मला यांपैकी काहीही बोलू नकोस. तुझा फोन त्यांच्याजवळ आहे असे नाही, पण तुझा क्रमांक आहे. पत्रच लिही.

मामा

*

१६ एप्रिल

ती. मामा,

मी निरोप धाडला: "भुंग्या, आईच्या दवाखान्यातल्या खिडकीची काच फुटली होती, ती कुणी फोडली रे? आमची पैज लागली आहे." काच त्यानंच लहानपणी चेंडूनं फोडली, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यानं मात्र कधी कबूल केलं नव्हतं, म्हणून तो प्रश्न निवडला. वाटलं, चिडून तरी खरं बोलेल.

उत्तर रविवारी आलं. "खिडकी कधीच बंद नसते. आपण तिला बंद समजतो, काच समजतो, भिंत समजतो. तुम्हाला कोण अडवतंय?" त्यानंतर चार आकड्यांची शांतता. मी मोजली. तुम्ही शिकवलेली, मी करून घेतलेली.

निरोप तिथं संपायला हवा होता. ध्वनिमुद्रण बंद करायला कुणाला तरी उशीर झाला असावा. शांततेनंतर एका पुरुषाचा आवाज आहे, अगदी जवळून, अगदी शांत. तो म्हणतो, "परत. हसून."

मी फोन हातातून टाकला. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "शॉक बसला." ती म्हणाली, "फोनचा? कुठून?" आणि उत्तर मिळेपर्यंत सोडेना. मी खोटं खोटं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत गेले. साहेबांनी सगळे निरोप ऐकून घेतले. म्हणाले, "मुलगा सज्ञान आहे. दर आठवड्याला मी सुखी आहे असं स्वतः सांगतोय. मी तक्रार कशाची लिहू? चांगलं बोलतो याची?" त्याचे शब्दच त्याच्याविरुद्ध पुरावा झाले आहेत, मामा.

आता रस्त्यानं चालताना मागं कुणी आहे का, ते बघते. कुणी नसतं. तरी बघते.

वकीलीण

*

२८ एप्रिल

ती. मामा,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता पत्र धाडते आहे, कारण आज महाविद्यालयाच्या फलकावर भुंग्याचा फोटो लागला. 'आपल्यातलाच एक, जग जिंकून आला!' कंपनीची सभा याच सभागृहात, येत्या नऊ मेला. वक्ता, भुंगा. सोबत दोन 'सहकारी' येणार आहेत. कचेरीतल्या लिपिकाला मी विचारलं, ते उतरणार कुठं? तो म्हणाला, "कंपनीची गाडी थेट दारात येते, थेट परत जाते. घरचे ना तुम्ही? तुम्हाला कळवलं नाही त्यानं?"

आपल्या गावात येऊन तो घरी येणार नाही.

आता कळलं, त्याला वातानुकूलनाच्या कामासाठी नेलंच नव्हतं. नेलं ते त्या आवाजासाठी. जो आवाज मी तासला, तुम्ही बसवलात. आता तो वापरून समोरच्या पोरांना नेतील. माझ्या वर्गातल्या दोघींनी नावंही नोंदवली आहेत.

काय करू? आईला सांगू?

वकीलीण

*

५ मे

चि. वकीलीणबाई,

तुझे पत्र मिळताच राजधानीत आलो आहे. परदेशी गेलेल्या नागरिकांच्या तक्रारी जेथे घेतात, त्या कचेरीत दोन दिवस बसलो. अधिकारी बाई भल्या आहेत. त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे: मुलगा येथे, आपल्या भूमीवर, साक्षीदारांसमोर स्वतःच्या तोंडाने 'मला परत जायचे नाही' असे म्हणाला, तर त्याला कोणी हात लावू शकत नाही. त्याआधी कोणालाही काही करता येत नाही. त्यांनी तुमच्या चौकीला फोन केला आहे. साध्या वेषातला एक हवालदार मागच्या रांगेत बसेल. तेवढेच.

म्हणजे सगळा प्रश्न एका वाक्याचा आहे. ते वाक्य त्याच्या पाठांतरात नाही, आणि शेजारी दोन माणसे असतील. त्याच्याबरोबर गेलेली काही मुले तिकडे अडकलेली असणार. याने तोंड उघडले तर त्यांचे काय होईल, हे त्याला नीट समजावून दिलेले असणार. म्हणून व्यासपीठावर तो बोलणार नाही. सभा संपल्यावर, जाता जाता, त्याच्या अगदी जवळ पोहोच आणि तेवढे वाक्य काढून घे. आरडाओरडा नको. ते त्याला गाडीत घालून नेतील आणि पुन्हा तो आपल्या दृष्टीस पडणार नाही.

ताईला आणू नकोस. ती गप्प बसणार नाही आणि सगळे हातचे जाईल. हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

मला नऊला येथेच थांबणे भाग आहे. वाक्य मिळाल्याचा फोन आला की त्याच क्षणी कागद हलवायचे आहेत. हे पत्र कचेरीच्या बाकावर बसून लिहीत आहे, त्यामुळे अक्षर असे आले. वाचता येईल अशी आशा आहे.

मामा

*

१० मे

ती. मामा,

काल फोनवर मी फक्त "म्हणाला" एवढंच बोलले आणि रडले. आता सगळं लिहिते.

मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. आईला सांगितलं नव्हतं. सभागृह गच्च भरलेलं, पोरं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसलेली. हवालदार मागं जांभया देत होता. मला वाटलं, संपलं सगळं. एक माणूस व्यासपीठाच्या पायरीशी, दुसरा बाजूच्या दारात. भुंगा आला. अंगात कोट, पण मान आणि कॉलर यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट. मला त्यानं पाहिलं आणि नजर वर, पंख्याकडे नेली.

बोलला मात्र त्या मोठ्या साहेबांपेक्षा सरस. "समुद्र ओलांडला जातो, भाषा शिकवली जाते, काळजी घेतली जाते." पोरं पुढं सरकून ऐकत होती. "तुम्हाला कोण अडवतंय?" शांतता. पुन्हा थोडं भाषण, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा शांतता. माझ्या शेजारच्या मुलीचे डोळे भरून आले होते, आणि मी दारातल्या माणसावरची नजर काढत नव्हते.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "तुम्हाला कोण अडवतंय?" आणि मागच्या दारातून आवाज आला, "मला कुणीच नाही. मी चालत आले. तुला कोण अडवतंय?"

आई! गळ्यात दोरीचा चष्मा, हातात खिडकीची किल्ली. दवाखान्यात एका बाईनं नाव नोंदवताना विचारलं होतं, "आज तुमच्या मुलाचं भाषण ना?" आईनं समोर रांग उभी असताना खिडकी बंद केली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

सभागृह हसलं. पायरीशी उभा होता तो माणूसही हसला. "काकू, बसून घ्या. प्रश्नोत्तरं नंतर."

"मी तुम्हाला विचारलं नाही," आई म्हणाली. "त्याला विचारलं. इथवर आलास, घर पलीकडच्या गल्लीत. घरी का आला नाहीस? कोण अडवतंय?"

हसू थांबलं. आणि मामा, तीच शांतता पडली. तुम्ही लिहिलेली, मोजलेली. पण या वेळी ती समोरच्यांवर नाही, त्याच्यावर पडली. दारातला माणूस आत सरकू लागला.

भुंगा ध्वनिक्षेपकात म्हणाला, "घर आहे, आई आहे, आणि..." तिसरं येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "घर आहे, आई आहे..."

आई तिच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाली, "मी पुढचा नंबर घेत नसते. सांग."

मग तो रडला नाही, ओरडला नाही. पायरीशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट करून साध्या आवाजात म्हणाला, "हे अडवतात. आई, मला परत जायचं नाही गं, म्हणजे तिकडं अजून सहा जण आहेत, त्यांना हे, थांब ना, मला परत जायचं नाही."

वाक्य मोडकंतोडकं, कुठंच न संपणारं. मी इतकं सुंदर वाक्य आजवर ऐकलेलं नाही.

हवालदाराची जांभई तिथंच विरली. तो दोन उड्यांत पुढं आला. पायरीजवळच्या माणसाला पोरांनी गराडा घालून अडवलं. दारातला मात्र निसटला. गाडी सापडली, तो सापडला नाही. रात्री चौकीतले दोघं आमच्या दाराशी बसले होते. आजही आहेत.

तुम्ही म्हणाला होतात, आईला आणू नकोस. मी आणलं नाही.

वकीलीण

*

१९ मे

चि. वकीलीणबाईस आशीर्वाद.

ताईबाबत माझा अंदाज चुकला, हे तिला सांग. तिने 'का चुकला?' असे विचारल्यास उत्तर माझ्याकडे नाही, हेही सांग.

भुंग्याने दिलेल्या जबाबावरून सहा मुलांची नावे पुढे गेली आहेत. त्या देशातील आपल्या वकिलातीने दखल घेतली आहे. त्यापलीकडे आज काही लिहिता येत नाही, आणि जे माहीत नाही ते धीर देण्यासाठी मी लिहिणार नाही.

भुंगा कसा आहे?

मामा

*

२६ मे

ती. मामा,

कसा आहे, ते कसं सांगू? खातो, झोपतो. दाराची कडी वाजली की उठून भिंतीला पाठ लावून उभा राहतो. सहाही जणांची नावं पुटपुटतो, चुकू नयेत म्हणून.

सर्वांत जास्त भीती वाटते ती एका साध्या गोष्टीची. मी विचारते, "चहा घेणार?" तो गप्प. "पंखा लावू?" गप्प. आधी वाटलं, रागावला आहे. मग समजलं, प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, हेच तो विसरला आहे. तिकडं जे विचारलं जायचं, त्याला उत्तर नसायचंच. फक्त आकडे मोजत थांबायचं.

आई मात्र थकत नाही. कप त्याच्यासमोर धरून उभी राहते. "घेणार की नाही?" चहा निवतो. परत गरम करून आणते. "घेणार की नाही?" काल चौथ्या खेपेला तो म्हणाला, "अर्धा."

त्याला तुम्हीही काहीतरी विचारा. काहीही.

वकीलीण

*

२ जून

चि. भुंगा यास आशीर्वाद.

त्या भाषणाला मी 'उत्तम' म्हटले होते. तो शब्द मागे घेतो.

तुला एकच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर मला खरोखर हवे आहे, आणि कितीही दिवस लागले तरी मी वाट पाहीन. दवाखान्याच्या खिडकीची काच कोणी फोडली?

मामा

*

२१ जून

मामा,

पत्र मिळालं होतं, लिहायला बसलो होतो, पण मग राहिलं. सहापैकी दोघं आलेत. चौघं नाही. रोज फोन करून विचारतो त्या राजधानीतल्या बाईंना, त्यांना राग येत नाही, असं वकीलीणबाई म्हणते.

काच मीच फोडली. पण चेंडूनं नाही, सगळे म्हणतात तसं. चप्पल होती. आई सकाळपासून खिडकीत होती, वर बघेना, म्हणून मारली, आणि ती पहिली गोष्ट काय म्हणाली माहितीये, "नाव?" म्हणाली, न बघताच, आणि मी पळालो. तेव्हा नाव सांगायला हवं होतं.

भुंगा